मराठी मजकुराखाली लाल रेषा, आपोआप बदलणारी अक्षरे आणि न टिकणारे सेटिंग: वर्डमधला घोळ कसा सोडवायचा

मराठीत दोन परिच्छेद टाइप केले की खाली लाल नागमोडी रेषांचा सडा पडतो. वैतागून कुणीतरी ऑप्शन्समध्ये जाते आणि स्पेलचेकच बंद करून टाकते. मग इंग्रजी पत्रातल्या खऱ्या चुकाही तशाच साहेबांच्या टेबलावर पोचतात, म्हणून तो पुन्हा चालू करावा लागतो आणि सडा परत हजर. हे चक्र कित्येक कार्यालयांत आणि टायपिंग सेंटरांत वर्षानुवर्षे चालू आहे. ‘वर्डला मराठी येत नाही’ असा निकाल देऊन लोक मोकळे होतात.

वर्डला मराठी येते, अगदी पंडिताइतकी नसली तरी कामापुरती. गोंधळ बहुधा दुसरीकडेच असतो. वर्डच्या लेखी भाषा ही संगणकाची नसते आणि फाइलचीही नसते. ठळक, तिरपा, अधोरेखित यांसारखी ती प्रत्येक शब्दाला वेगळी लावलेली असते. एकाच ओळीतला एक शब्द मराठी, दुसरा हिंदी आणि तिसरा ‘तपासू नका’ असा असू शकतो, आणि पडद्यावर तिघे सारखेच दिसतात. एवढे डोक्यात ठेवले की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

आधी ठरवा, बदलतोय कोण

शब्द आपोआप बदलत असेल तर पहिला आळ वर्डवर घेऊ नका. मराठी टाइप करताना शब्दावर तीन-चार जणांचा हात फिरतो: कीबोर्ड, विंडोज, वर्ड, आणि ब्राउझरमध्ये लिहीत असाल तर ब्राउझर. विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड तुम्ही रोमन अक्षरांत मारलेल्या शब्दाचे पर्याय दाखवतो आणि स्पेसबार दाबला की निवडलेला पर्याय कागदावर टाकतो. ‘मी पाणी लिहिले आणि त्याने पानी केले’ अशा तक्रारींत ऑटोकरेक्टचा, म्हणजे वर्डच्या आपोआप शब्द बदलण्याच्या सोयीचा, काही संबंध नसतो. तो कीबोर्डने घेतलेला निर्णय असतो.

तपासायला सोपी जागा म्हणजे रनची छोटी चौकट. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा आणि तोच शब्द तिथे टाइप करा. तिथे स्पेलचेक नाही, ऑटोकरेक्ट नाही. शब्द तिथेही बदलला तर दोष कीबोर्डचा. (पूर्वी हीच चाचणी नोटपॅडमध्ये करत. विंडोज 11 च्या नव्या नोटपॅडला आता स्वतःचा स्पेलचेक आला आहे, त्यामुळे तो साक्षीदार बाद.) रनमध्ये शब्द जसाच्या तसा राहिला आणि वर्डमध्ये बदलला, तर वर्डचे ऑटोकरेक्ट. फक्त वर्डमध्येच नव्हे तर इतरत्रही बदलत असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, तिथला चुकीचे शब्द आपोआप दुरुस्त करण्याचा पर्याय पाहा.

वर्डने बदल केला असेल तर त्याच क्षणी कंट्रोल-झेड एकदा दाबा. फक्त तो बदल मागे जातो, तुमचा शब्द राहतो. त्या शब्दावर माउस नेला तर खाली बारीक निळी पट्टी दिसते. तिच्यावर टिचकी मारून ‘हा बदल यापुढे करू नको’ असेही सांगता येते. ऑटोकरेक्टच्या लांबलचक यादीत शोधत बसण्यापेक्षा हे बरे.

‘आहे’ आणि ‘है’ची चाचणी

लाल रेषांचे कारण शोधायचे तर नव्या कोऱ्या फाइलमध्ये तुमच्या नेहमीच्या कीबोर्डने एका ओळीत चार शब्द टाइप करा: घर, आहे, है आणि काहीतरी निरर्थक, उदाहरणार्थ टळ्पूझ. मग रेषा कुठे पडतात ते पाहा.

‘आहे’खाली रेषा आहे, ‘है’ आणि ‘घर’ स्वच्छ आहेत, असे दिसले तर तुमचे मराठी हिंदी कोशाने तपासले जात आहे. हे सर्वांत जास्त आढळणारे कारण. ‘घर’, ‘काम’, ‘नदी’ हे दोन्ही भाषांत चालणारे शब्द सुटतात, ‘पाहिजे’, ‘आम्हाला’सारखे फक्त मराठीत चालणारे अडकतात. त्यामुळे रेषा कुठे आहेत कुठे नाहीत याचा मेळच लागत नाही, आणि लोकांना वाटते स्पेलचेकचे डोके फिरले आहे.

‘है’खाली रेषा आणि ‘आहे’ स्वच्छ, म्हणजे सगळे ठीक. मराठी कोश बसलेला आहे आणि तोच वापरला जात आहे. चारांपैकी एकाखालीही रेषा नाही, अगदी टळ्पूझखालीही नाही, तर कोश बसवलेला नाही किंवा तपासणी बंद आहे. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

मजकूर हिंदी कसा झाला? कीबोर्डमुळे. वर्ड टाइप होणाऱ्या शब्दाला त्या क्षणी चालू असलेल्या कीबोर्डची भाषा लावतो. अनेकांच्या संगणकावर देवनागरीसाठी फक्त हिंदी कीबोर्ड बसवलेला असतो, कारण दुकानदाराने तोच बसवून दिला. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कळमांडणीत त्यावर मराठी व्यवस्थित टाइप होते, ळसुद्धा येतो, त्यामुळे कधी शंकाही येत नाही. तुम्ही मात्र पानामागून पान हिंदीचा शिक्का मारलेले मराठी तयार करत असता.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात वर्डमध्ये नाही, विंडोजमध्ये आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्टवाल्यांना नवीन काही शिकावे लागत नाही, दोन्ही मांडण्या जवळपास एकच आहेत. हिंदीत खरोखर लिहायचे नसेल तर तो कीबोर्ड काढूनच टाका. ठेवलात तर विंडोज-स्पेस दाबताना कधीतरी नकळत त्यावर जाल, आणि महिन्याने ‘सेटिंग परत बिघडले’ म्हणाल.

आता जुना मजकूर. कंट्रोल-ए करून सगळे निवडा, रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, त्यात सेट प्रूफिंग लँग्वेज, यादीतून मराठी. त्याच चौकटीत खाली ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ असते, त्याची टिक काढा. ‘डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली’चीही काढा. भाषा ओळखण्याचे हे यंत्र लांब उताऱ्यावर बरे चालते, पण मधे मधे इंग्रजी शब्द पेरलेल्या कार्यालयीन मराठीवर त्याचा भरवसा धरू नये. आणि कंट्रोल-ए म्हणजे सगळे नव्हे: शीर्षपट्टी, तळपट्टी, तळटीपा आणि टेक्स्ट बॉक्स त्यात येत नाहीत. तिथे जाऊन हेच वेगळे करावे लागते. ‘सगळीकडे सुधारले, पण लेटरहेडमध्ये लाल रेषा तशाच’ यामागे एवढेच असते.

केलेले सेटिंग टिकत का नाही

निवडलेल्या मजकुराची भाषा बदलली म्हणजे फक्त त्या मजकुराची बदलली. नवी फाइल उघडाल तेव्हा वर्ड त्याच्या मूळ साच्याकडे, म्हणजे नॉर्मल टेम्प्लेटकडे जातो आणि तिथे जे असेल ते घेतो. म्हणून भाषेच्या चौकटीतच मराठी निवडून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा. यानेही भागत नसेल तर फाइलमधल्या स्टाइल, म्हणजे फॉन्ट-आकार वगैरेंचे नाव देऊन ठेवलेले संच, तपासा. ‘हेडिंग 1’ किंवा कार्यालयाने बनवलेल्या एखाद्या खास स्टाइलमध्ये भाषा वेगळी रोवलेली असते, आणि ती स्टाइल लावली की मजकूर तिची भाषा घेतो. स्टाइलवर उजवी टिचकी, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, त्यात लँग्वेज. एकदाच करायचे काम आहे, पण फारच थोडे लोक करतात.

दुसऱ्याच्या फाइलमधून चिकटवलेला मजकूर आपली भाषा बरोबर घेऊन येतो. हिंदी कीबोर्डवाल्या सहकाऱ्याचा परिच्छेद तुमच्या निवेदनात चिकटवलात की तेवढ्याच भागाखाली रेषा उगवतात. चिकटवताना ‘फक्त मजकूर ठेवा’ हा पर्याय घेतला तर बहुतेक वेळा सुटका होते.

वर्ड बंद करून उघडला की प्रत्येक वेळी सगळेच सेटिंग पुसले जात असेल, तर नॉर्मल टेम्प्लेटची फाइल खराब झाली असण्याची किंवा तिच्यावर लिहिण्याची परवानगी नसण्याची शक्यता धरा. वर्ड बंद करा, त्या फाइलचे नाव बदलून ठेवा (ती कुठे असते ते शेवटच्या भागात आहे), वर्ड पुन्हा उघडा. तो नवी फाइल तयार करतो. नाव बदला म्हणतोय, पुसा नाही, कारण तुमचे मॅक्रो (साठवून ठेवलेल्या कृती) आणि स्टाइल जुन्या फाइलमध्ये असतात.

टळ्पूझखालीही रेषा नाही

भाषेच्या त्याच यादीत काही भाषांपुढे एबीसी आणि टिक असे छोटे चिन्ह असते. ते चिन्ह म्हणजे त्या भाषेचा कोश तुमच्या संगणकावर आहे. मराठीपुढे नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथून मराठी जोडा आणि प्रूफिंगची साधने बसवून घ्या. ती फुकट मिळतात. जुन्या ऑफिसमध्ये लँग्वेज ॲक्सेसरी पॅक वेगळा उतरवावा लागतो, आणि तो 32 बिट की 64 बिट हे ऑफिसशी जुळले पाहिजे, विंडोजशी नव्हे. बसवल्यावर वर्ड, एक्सेल, आउटलुक सगळे बंद करून पुन्हा उघडा.

कोश आहे, तरी एकाच फाइलमध्ये रेषा नाहीत? फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंगमध्ये अगदी तळाशी जा. ‘हाइड स्पेलिंग एरर्स इन धिस डॉक्युमेंट ओन्ली’ अशी एक टिक असते. ती त्या फाइलसोबत प्रवास करते. कुणीतरी एकदा लावली की ती फाइल ज्याच्याकडे जाईल त्याला रेषा दिसत नाहीत, आणि जुनी फाइल ‘सेव्ह ॲज’ करून नवी बनवायची सवय असलेल्या कार्यालयात ती टिक पिढ्यानपिढ्या पुढे जाते.

आणखी एक फसवा प्रकार. लांब मराठी फाइल चुकीच्या कोशाने तपासली गेली की वर्ड एक संदेश दाखवतो: चुका इतक्या आहेत की त्या दाखवत राहणे शक्य नाही. ओके दाबले की सगळ्या रेषा गायब. माणूस खूश होतो, पण वर्डने फक्त हात टेकलेले असतात. भाषा दुरुस्त करा, मग वरची लपवण्याची टिक काढून एफ 7 ने तपासणी नव्याने चालवा.

कृतिदेवमध्ये श का येत नाही

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, न वापरणाऱ्यांचे दुखणे वेगळे आणि जास्त त्रासाचे आहे. छपाईच्या व्यवसायात, न्यायालयाच्या आवारातल्या टंकलेखकांकडे आणि बऱ्याच जुन्या कार्यालयांत अजून कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारखे फॉन्ट चालतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. वर्डला ती इंग्रजी वाटतात, आणि इंग्रजीचे सगळे ऑटोकरेक्ट तो तुमच्या मराठीवर चालवतो.

कृतिदेवमध्ये ‘नाही’ हा शब्द यू, के, जी, एच या चार कळांनी येतो. लहान यू म्हणजे न आणि मोठा यू म्हणजे अर्धा न. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची सोय चालू असेल तर परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘नाही’ लिहून स्पेसबार दाबताच लहान यूचा मोठा होतो: न चा पाय मोडतो आणि काना मागे एकटा उभा राहतो. ‘काम’ लिहा, क अर्धा. ‘तारीख’ लिहा, त अर्धा. तक्त्यात नावे भरताना तर प्रत्येक घरात हे होते, कारण तक्त्याच्या घरातले पहिले अक्षर मोठे करण्याची वेगळी टिक असते. टंकलेखकाला वाटते शिफ्टची कळ अडकते आहे, आणि चांगला कीबोर्ड फेकून नवा आणला जातो.

श आणि ष यांचे त्याहून वाईट. कृतिदेवमध्ये अर्धा श हा एकेरी सरळ अवतरणचिन्हाच्या कळेवर आहे आणि अर्धा ष दुहेरीवर. वर्ड टाइप होताच सरळ अवतरणचिन्हाचे वळणदार चिन्ह करतो. त्या वळणदार चिन्हाच्या जागी फॉन्टमध्ये खरेच अवतरणचिन्ह आहे. म्हणून ‘शाळा’ लिहायला जावे तर सुरुवातीला अवतरणचिन्ह आणि पुढे दोन काने. ‘कृतिदेवमध्ये श येत नाही’ ही तक्रार करणाऱ्यांना फॉन्ट काढून पुन्हा बसवायला सांगणारे भेटतात. त्याने काडीचा फरक पडत नाही.

उपाय असा: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. पहिल्या ऑटोकरेक्ट टॅबमधल्या सगळ्या टिका काढा, ‘रिप्लेस टेक्स्ट ॲज यू टाइप’सकट. मग ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ हा टॅब उघडा आणि सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार करण्याची टिक काढा. तिथल्याच अपूर्णांक आणि दोन हायफनांचा डॅश करण्याच्या टिकाही काढा. हा दुसरा टॅब लोक हमखास विसरतात आणि म्हणून श परत परत बिघडतो.

आधीच बिघडलेली फाइल हातात असेल तर हे सेटिंग जुने शब्द सुधारत नाही. वळणदार चिन्ह शोधून सरळ घालायचे तर आधी वळणदारची टिक काढलेली असली पाहिजे, नाहीतर बदलतानाही वर्ड पुन्हा वळणदारच घालतो.

लाल रेषांसाठी कृतिदेवच्या मजकुराला एक स्वतंत्र स्टाइल करा. त्यात फॉन्ट कृतिदेव, आणि भाषेत ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ला टिक. मग इंग्रजी भाग नेहमीसारखा तपासला जातो आणि मराठी भाग सुटतो. माझे मत विचाराल तर नवे काम या फॉन्टमध्ये सुरूच करू नये. पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या प्रोग्रॅमवर छापणाऱ्या प्रेसची अट असेल तेवढाच अपवाद.

दिसायला एक, आतून दोन

युनिकोडमध्ये लिहिता, मराठीचा कोशही आहे, तरी ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘दुःख’ असे साधे शब्द लाल होतात. कधी होतात, कधी नाही. इथे शब्द कसा दिसतो हे विसरा, तो कसा टाइप झाला ते पाहा.

दुःख घ्या. विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची कळ दाबायची सवय अनेकांना जुन्या टंकयंत्रापासून आहे. पडद्यावर दोन ठिपके दिसतात, डोळ्याला फरक कळत नाही. कोशात मात्र विसर्गाचा दुःख आहे, अपूर्णविरामाचा नाही, आणि तो चुकीचा ठरतो. स्वतः, विशेषतः, सामान्यतः, अंतःकरण, निःस्वार्थ, सगळ्यांची तीच गत. शोधा-बदला वापरून ‘त’ आणि अपूर्णविराम यांच्या जागी ‘तः’ घालता येते, पण ‘रिप्लेस ऑल’ नको. ‘हकीकत’ या मथळ्यापुढे खराच अपूर्णविराम असतो, त्याचाही विसर्ग होऊन बसेल.

‘ॲप’मधला ॲ तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, ॲ हे स्वतंत्र अक्षर. ते युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आले. दुसरा, अ वर चंद्र ठेवून केलेला, त्याआधीची तडजोड. तिसरा, हिंदी वळणाचा, ए वर चंद्र असलेला. पहिले दोन तर बहुतेक फॉन्टमध्ये हुबेहूब दिसतात. ओळखायचे असे: वर्डमध्ये त्या अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो. 0972 आला तर स्वतंत्र ॲ, 0945 आला तर अ वर चंद्र. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबले की अक्षर परत येते. ही युक्ती कोणत्याही संशयित अक्षरावर चालते, म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या, शेतकऱ्यांना, तऱ्हा यांतला र याहून नाठाळ. एक पद्धत म्हणजे ऱ हे अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य किंवा ह. इनस्क्रिप्टवर ऱ हा शिफ्ट आणि जे वर आहे. दुसरी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक. दोन्ही पडद्यावर सारखेच उमटतात, पण कोशाला ते दोन वेगळे शब्द आहेत. संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात दुसरी पद्धत भरपूर आढळते. ती बदलून ऱ करायची असेल तर आधी ‘फाइंड नेक्स्ट’ करून पाहा की शोधात ‘सूर्य’ किंवा ‘कार्य’ तर पकडले जात नाहीत ना. न दिसणारा जोडक शोधताना दुर्लक्षिला गेला, तर ‘रिप्लेस ऑल’ने सगळ्या फाइलभर ‘सूऱ्य’ उगवतील.

शब्द बरोबर, कोश बरोबर, तरी लाल

इथे दोष तुमचा नाही आणि खरे तर सेटिंगचाही नाही. इंग्रजीत घराचे दोन-चार रूपांत भागते. मराठीत घर, घरी, घरात, घरातला, घरातल्यांनी, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनासुद्धा अशी रांग लागते. त्यात मूळ शब्दही बदलतो: फूलचे फुलाला, बहीणचे बहिणीला, सोलापूरचे सोलापुरात. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतला, 1962 चे 14 आणि 1972 चे 4 मिळून 18 नियमांतला, बराच भाग या ऱ्हस्व-दीर्घाच्या उलाढालीवरच खर्ची पडला आहे. एवढी सगळी रूपे कोशात भरणे किंवा नियमांनी बनवणे कोश करणाऱ्यांना पुरते जमलेले नाही, म्हणून दोन-तीन प्रत्यय एकावर एक चढले की रेषा येण्याची शक्यता वाढते. ‘बोलायचं’, ‘असं’, ‘केलंय’ ही बोलीतली रूपेही अधूनमधून अडकतात.

आडनावे आणि गावांची नावे कोशात टाकताना हेच आड येते. ‘ॲड टु डिक्शनरी’ दाबून शिरोडकर टाकले की फक्त शिरोडकर सुटतो. शिरोडकरांनी, शिरोडकरांच्या, शिरोडकरांकडे लालच राहतात. एकेकदा उजवी टिचकी मारत बसू नका. प्रूफिंगमध्ये कस्टम डिक्शनरीज, तिथे ‘एडिट वर्ड लिस्ट’, आणि नेहमी लागणारी रूपे एका बैठकीत भरून टाका. वकिलांच्या, सोसायट्यांच्या, शाळांच्या कामात तीच पन्नास-साठ नावे वर्षभर फिरत असतात, त्यामुळे ही मेहनत वसूल होते.

नावांच्या बाबतीत ‘चेंज ऑल’ हे बटण शत्रू समजा. वर्डने सुचवलेला शब्द मतदारयादीभर किंवा लग्नपत्रिकेत एका टिचकीत पसरतो.

उलट बाजूने, रेषा नाही म्हणजे शब्द बरोबर असेही नाही. ‘महाराष्ट्र दीन’ असे लिहिलेत तर स्पेलचेक चकार शब्द काढणार नाही, कारण दीन म्हणजे गरीब हा शब्द कोशात आहे. दरवर्षी 1 मेच्या आणि 27 फेब्रुवारीच्या फलकांवर हा दीन दिसतो. शिर आणि शीर, सुत आणि सूत, पाणि आणि पाणी यांतही तेच. अंतिम प्रत काढण्याआधी कंट्रोल-एफने ‘दीन’ शोधायची सवय लावून घ्या, दोन सेकंदांचे काम आहे.

यादी कोणत्या भाषेची आहे ते पाहा

ऑटोकरेक्टची यादी एक नसते, भाषागणिक वेगळी असते. चौकटीच्या मथळ्यातच भाषेचे नाव असते: इंग्लिश इंडिया, मराठी, हिंदी. तुम्ही इंग्रजी परिच्छेदात कर्सर असताना ‘मपा’चे ‘महानगरपालिका’ अशी नोंद केली, तर ती इंग्रजीच्या यादीत जाते आणि मराठी टाइप करताना चालत नाही. ‘काल टाकलेली नोंद आज हरवली’ म्हणतात ती इथे पडून असते. आधी मराठी कीबोर्ड चालू करा, मराठी शब्दात कर्सर ठेवा, मग चौकट उघडा आणि मथळा वाचून नोंद करा.

काही तयार नोंदी आपल्या लिहिण्याच्या पद्धतीला आडव्या येतात. ‘संदर्भ’ लिहून इंग्रजी कीबोर्डने अपूर्णविराम, हायफन आणि लगेच कंस उघडला की वर्ड त्याचा रडवेला चेहरा करतो. शासकीय पत्रात संदर्भाच्या जागी तो चेहरा फारच समर्पक वाटला तरी काढावा लागतो. कलमाच्या क्रमांकात इंग्रजी सी कंसात टाकला की स्वामित्वहक्काचे चिन्ह होते. या नोंदी यादीच्या अगदी वरच पहिल्या काही ओळींत असतात, निवडून डिलीट करा. पण आधीच म्हटल्याप्रमाणे, कोणत्या भाषेच्या यादीत आहात ते पाहून.

जाता जाता एक्सेल: 7/12 लिहिले की 7 डिसेंबर होतो. हे ऑटोकरेक्ट नाही, तारखेची ओळख आहे, आणि ऑटोकरेक्ट बंद करून जात नाही. तो स्तंभ टाइप करण्याआधी टेक्स्ट करा, किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. आधीच तारीख झालेले घर नंतर टेक्स्ट केले तर त्यात भलताच पाच आकडी क्रमांक दिसतो, तिथे सातबारा पुन्हाच टाइप करावा लागतो.

लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीची भाषा इंग्रजीहून वेगळ्या रकान्यात ठरते. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे मराठी निवडा. वरच्या ‘वेस्टर्न’मध्ये बदल करून काही होत नाही. तिथेच ‘इग्नोर सिस्टिम इनपुट लँग्वेज’ अशी टिक आहे. हिंदी कीबोर्ड सोडवत नसेल तर ती लावा, मग टाइप केलेल्या शब्दाला कीबोर्डची नव्हे तर तुम्ही ठरवलेली भाषा लागते. वर्डमध्ये अशी सोय नाही. मराठीपुढे एबीसीचे चिन्ह नसेल तर कोश एक्स्टेंशन म्हणून बसवावा लागतो. टाइप करताना अर्धवट शब्द स्वतःच पूर्ण होत असतील तर तो ऑटोकरेक्टमधला ‘वर्ड कम्प्लीशन’ टॅब, खुशाल बंद करा.

गूगल डॉक्समध्ये फाइल मेनूतून भाषा मराठी करा, आणि टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये वाक्याचे पहिले अक्षर मोठे करणे, शब्द आपोआप सुधारणे या टिका आहेत. लाल रेषा तरी राहिल्या तर त्या ब्राउझरच्या स्वतःच्या स्पेलचेकच्या असू शकतात. तो ब्राउझरच्या सेटिंगमधून बंद होतो.

संगणक बदलताना

एवढे सगळे बसवल्यावर नवा संगणक आला की शून्यापासून सुरुवात, असे व्हायला नको. रनच्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये रोमन अक्षरांत ॲपडेटा लिहून एंटर करा. उघडलेल्या फोल्डरात मायक्रोसॉफ्ट. त्यात यूप्रूफ नावाच्या फोल्डरात तुमचे शब्द असतात, कस्टम नावाच्या फाइलमध्ये. शेजारच्या ऑफिस फोल्डरात ऑटोकरेक्टच्या याद्या असतात, एमएसओ आणि पुढे भाषेचा क्रमांक अशा नावाने: मराठीची 1102, हिंदीची 1081, भारतीय इंग्रजीची 16393. तिथे 1081 ची फाइल जाडजूड आणि 1102 ची दिसतच नाही, असे आढळले तर तुमच्या नोंदी इतके दिवस कुठे जात होत्या ते कळते. टेम्प्लेट्स फोल्डरातली नॉर्मल फाइलही घ्या. दोन्ही संगणकांवर वर्ड आणि आउटलुक बंद असताना या फाइली नव्या संगणकावर त्याच जागी ठेवा. वर्ड चालू असताना ठेवल्यात तर तो बंद होताना आपली रिकामी यादी त्यांच्यावर लिहू शकतो.